बेबीला सल्ला द्यायचा नाही

त्या दिवशी आई एकदाही म्हणाली नाही की स्वेटर घाल, बाहेर गार आहे.

बेबीने तिला संधी कमी दिली नव्हती. दारात उभं राहून तिने पर्समध्ये किल्ली शोधली, सापडल्यावर पुन्हा शोधली, एक चप्पल घालून दुसरीला पायाने चाचपत राहिली. आईने तोंड उघडलं, मिटलं, आणि नुकतंच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला घेतलं. बाबा वर्तमानपत्राच्या कडेवरून सामना बघावा तसे दोघींकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी बेबी तशीच, बिनस्वेटरची, बाहेर पडली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिचे दात वाजायला लागले, पण छाती अशी फुगली होती की थंडीला आत शिरायला जागाच नव्हती. वय बेचाळीस, दुहेरी भिंगांचा चष्मा, नावापुढे पदवी, आणि घरातून सल्ल्याविना निघण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात असं बेबीने कुठेतरी वाचलं होतं. तरी त्या सकाळी तिने ते वाक्य दोन्ही हातांनी घेतलं.

आता या घरच्या कायद्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगणार नाही. नव्या वर्षाचे संकल्प या घरात कुणी स्वतःचे स्वतः करत नसे. आईच्या मते ते म्हणजे स्वतःचा पेपर स्वतः तपासणं. माणूस हमखास पास होतो आणि येत काहीच नाही. म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवशी चहा झाला की एकमेकांना संकल्प द्यायचे, एक घरचा आणि एक कामाचा. हरकत घ्यायची सोय नव्हती. लिहून ठेवायलाही मनाई होती, कारण लिहिलं की माणसाला वाटतं झालंच. आणि सगळ्यात जाचक कलम असं, की दिलेल्या संकल्पातून सोडवण्याचा अधिकार फक्त देणाऱ्याचा. एका वर्षी बाबांना पहाटे फिरायला जाण्याचा संकल्प मिळाला होता. फेब्रुवारीतच त्यांच्या विनवण्या सुरू झाल्या. आईने त्यांना सोडलं थेट ऑक्टोबरात, तेही गुडघा सुजल्यावर, आणि सूज खरी आहे का हे बोटाने दाबून बघितल्यावर.

आईची उभी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत गेली होती. लोक गाडीची वेळ विचारायला येत आणि वेळेबरोबरच ऊन कुठल्या बाजूने येईल, मधल्या थांब्यावर उतरावं की नाही, आणि या बाळाला खोकला कधीपासून आहे, इतकं सगळं घेऊन परत जात. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, उत्तरं तशीच राहिली. ती सगळी मग घराकडे वळली. बाबांनी वेळीच कानांनी कमी ऐकू येत असल्याचं जाहीर केलं. उरली बेबी.

बेबी पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या कार्यालयात मुद्रितं तपासत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या चुका ऐकणं जड जातं. त्यामुळे या वर्षी तिने आईला घरचा आणि कामाचा मिळून एकच संकल्प दिला. वर्षभर बेबीला सल्ला द्यायचा नाही. एकही नाही. आई जरा वेळ कपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, बरं. मग तिने बेबीला तिचे दोन दिले. घरचा असा, की तुझ्या खोलीचं दार लागत नाही, ते नीट लागेल असं करून घे. कामाचा असा, की साहेबांपुढे तोंड उघड. विभागप्रमुखाची खुर्ची कधीपासून रिकामी होती, त्या खुर्चीचं सगळं काम बेबी शेजारच्या स्टुलावरून करत होती, आणि ती खुर्ची मला द्या हे वाक्य काही तिच्या तोंडून निघत नव्हतं.

त्यानंतर आईने जे मौन धरलं ते शेवटपर्यंत. शेवट इतका जवळ आहे हे कुणाला ठाऊक होतं?

भेटायला येणारे सगळे हळू आवाजात एकच विचारत, शेवटी काही बोलल्या का? बेबी म्हणे, नाही. लोकांना ते दुःखाचं वाटे. बेबीला ते स्वतःचं कर्तृत्व वाटे. जिने आयुष्यभर अनोळखी माणसांनासुद्धा उत्तरं दिली, तिला शेवटच्या दिवसांत पोटच्या पोरीने गप्प बसवून ठेवलं. हे तिने बाबांना सांगितलं नाही, मैत्रिणीला नाही, कुणालाच नाही. कशी आहेस असं कुणी विचारलं की म्हणे, काही नाही, ठीक आहे. आणि आईने उघडून मिटलेलं ते तोंड मात्र तिला वेळीअवेळी दिसत राही, मुद्रितांत स्वल्पविराम शोधतानासुद्धा.

काही आठवडे असे गेले. मग एका रविवारी बाबांनी स्वतः केलेला चहा तिच्यापुढे ठेवला. स्वतःचा चहा स्वतः करायचा हा आईने त्यांना दिलेला संकल्प होता आणि त्याची अंमलबजावणी ते निष्ठेने करत होते. चहाला त्याचा काही उपयोग झाला नव्हता. बाबा म्हणाले, दाराचं काय करतेस? बेबी म्हणाली, आता कसलं दार. त्यावर बाबांनी कायदा उलगडून सांगितला. सोडवणारी गेली. म्हणजे आता सुटका नाही. जन्मठेप आहे ही, तुलाही आणि मलाही. असं म्हणून त्यांनी आपला चहा तोंड वाकडं न करता संपवला. एवढं बघितल्यावर बेबीला कामाला लागणं भाग होतं.

दार मोठं हट्टी होतं. लावताना वरच्या कोपऱ्यात चौकटीला अडे आणि बोटभर उघडंच राही. त्या फटीतूनच आई आयुष्यभर सल्ले आत सोडत आली होती, त्यामुळे दार बंद करून घे म्हणून तिनेच सांगावं हे बेबीला तेव्हाही नवल वाटलं होतं. निदान तर उघड होतं. दार वर अडतं, तर वरून तासायचं. यात कुणाला विचारण्यासारखं काय आहे?

तिने विचारलं नाही, तरी उत्तरं यायला लागली. पहिल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. एरवी या काकूंना बाजारभाव आणि स्वतःची पाठ यांपलीकडे विषय नसे. त्या खुर्चीत टेकल्या, पाठीचं सगळं सांगून झालं, आणि उठता उठता म्हणाल्या, बेबी, ते दार वरून तासू नकोस हं.

बेबीला आधी वाटलं, बाबांनी सांगितलं असेल. बाबा म्हणाले, मी नाही बुवा. पुढच्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या आणि डोळे तपासून घ्यायला सांगून गेल्या. त्यानंतर जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, केस मोकळे सोडत जा कधीतरी, चांगले दिसतात. मग इमारतीचे सेक्रेटरी. हे गृहस्थ पाण्याच्या टाकीखेरीज कशावरही आपणहून बोलत नसत. त्यांनी बेबीला फाटकात गाठून बजावलं की दार काढलंच तर लिफ्टमधून नेऊ नका. बेबीचा संताप आता उतू जाऊ लागला. आई गेल्यामुळे घरातलं सल्लागाराचं पद रिकामं झालं होतं हे खरं, पण त्यासाठी अख्ख्या इमारतीने अर्ज करावेत? आईला जे करू दिलं नाही ते या लोकांनी बिनदिक्कत करावं, हे तिला सोसवेना. आईला गप्प केलं आणि काकूंना बोलू दिलं, तर हिशेब कुठे लागणार होता? म्हणून तिने ठरवलं की जो जे सांगेल त्याच्या नेमकं उलट करायचं.

सुतार आला. चौकटीभोवती दोन फेऱ्या मारून, बिजागऱ्यांवर बोट ठेवून तो काहीतरी म्हणणार होता. बेबीने त्याला बोलूच दिलं नाही. दार वरून तासा, म्हणाली. सुतार म्हणाला, ताई, तसं करू नये असं आहे. बेबी म्हणाली, दार कुणाचं आहे? सुतार म्हणाला, तुमचं. मग त्याने दार उतरवलं आणि सांगितलं की तासायला दुकानात न्यावं लागेल. इथे भुसा पडला तर काकूंना शिंका येतात, मागच्या वेळी त्यांनी वरून पाणी ओतलं होतं.

दार लिफ्टमधून न्यायचं हा निर्णय सर्वस्वी बेबीचा. सरळ उभं केलं तर मावेना, म्हणून तिरपं घातलं. तिरपं घातलं तेव्हा ते इतकं चपखल बसलं की सुताराने मान डोलावली. लिफ्टची जाळी लागली, लिफ्ट सुटली, आणि दोन मजल्यांच्या मध्ये दाराने आपलं अंग जरा सैल सोडलं. एक कर्रकन आवाज झाला आणि लिफ्ट थांबली. आत दार होतं, सुतार होता, आणि दार मावावं म्हणून कोपऱ्यात दाबला गेलेला एक इस्त्रीवाला होता, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. त्याच्या हातात सेक्रेटरींचे शर्ट होते.

लोक जिन्यात जमले. जाळीतून आत डोकावून प्रत्येकाने, दार तिरपं करा, असं सुचवलं. सुतार आतून शांतपणे सांगत होता की ते तिरपंच आहे, तीच अडचण आहे. लिफ्ट दुरुस्तीवाला येईपर्यंत इस्त्रीवाल्याने शर्ट डोक्यावर धरून ठेवले होते. खाली काढले तेव्हा त्यांना सुताराच्या अंगावरचा सगळा भुसा लागलेला होता. सेक्रेटरींनी तिथेच, जिन्यात, कमिटीची तातडीची बैठक बोलावली.

बैठकीत प्रश्न आला तो फारच खोल निघाला. सामान हलवायचं तर कमिटीची चिठ्ठी लागते. पण दार हे सामान आहे का? एका सभासदाचं म्हणणं पडलं की दार हा इमारतीचा भाग आहे, आणि इमारतीचा भाग रहिवाशाला काढताच येत नाही, चिठ्ठी असो वा नसो. दुसऱ्याने विचारलं, चौकटीत असताना तो भाग असेल, पण लिफ्टमध्ये असताना काय? तिसरा म्हणाला, भाग असो की सामान, ते सध्या पहिल्या मजल्यावर माझ्या दाराला टेकवून ठेवलंय आणि मला माझ्याच घरात तिरपं होऊन शिरावं लागतंय, त्याचं बोला. बेबी उभी राहून ऐकत होती. आयुष्यभर तिने व्याख्या तपासल्या होत्या. आपण कधी व्याख्येत न बसणाऱ्या वस्तूच्या मालकीण म्हणून उभ्या राहू असं तिला वाटलं नव्हतं. शेवटी ठराव झाला, की निर्णय होईपर्यंत दार आहे तिथेच राहावं. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ सभात्याग करून तिरपे होऊन घरात गेले.

बरेच दिवस बेबीने दाराऐवजी चादर लावून काढले. फट पूर्वी बोटभर होती, आता माणूसभर झाली. बाबांना एकदम चांगलं ऐकू येऊ लागलं आणि फोनवर कोणाशी काय बोलणं झालं याची ते चौकशी करू लागले. संकल्प होता दार नीट लावण्याचा. प्रगती अशी, की आता दारच नव्हतं.

अखेर कमिटीने दाराला जिन्याने, सकाळच्या वेळी, कोणाच्याही अंगाला न लागता जाण्याची परवानगी दिली. सुताराने ते नेलं, बेबीच्या हुकुमाप्रमाणे वरून तासलं, परत आणून बसवलं. आता ते वर अडेना, खाली अडू लागलं. बेबीने खालूनही तासायला लावलं. त्यानंतर दाराचं अडणं कायमचं थांबलं, लागणंही थांबलं. वाऱ्याची झुळूक आली की ते आपणहून उघडे आणि समोरच्या खुर्चीत बसलेले बाबा दिसत. सुतार आपली अवजारं पिशवीत भरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "आई म्हणाल्याच होत्या."

"कोण आई?"

"तुमच्या. वर्षाच्या सुरुवातीला दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, बेबी येईल, म्हणेल वरून तासा. ऐकू नका. वरची बिजागरी सैल झालीय, ती बदला, बाकी दाराला हात लावू नका."

बेबी दाराला धरून उभी राहिली. दार सरकलं, म्हणून तिला चौकट धरावी लागली.

"मग तुम्ही माझं का ऐकलंत?"

सुताराने पिशवीचं तोंड बांधलं. "त्या गेल्या ना. तुम्ही समोर होता."

बेबी वरच्या मजल्यावर गेली ती चपला न घालताच. काकूंनी आधी कशाचाच पत्ता लागू दिला नाही. मग पाठीवर आल्या, पाठीवरून थंडीवर, आणि तिथून एकदम कबुलीवर. हो, आई आली होती. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, दुपारी. म्हणाली, मला बोलायची बंदी झालीय, तुला नाही ना झाली? मग घे. आणि एकेक करून सगळं काकूंच्या गळ्यात घातलं. दार, डोळे, केस, खोलीतला निळा पडदा. काकूंना ताकीद होती की एकदम सांगायचं नाही. एकदम सांगितलं तर बेबी अंगावर येते. हिला थोडं थोडं द्यावं लागतं. पडद्याचं काकू पुढच्या महिन्यात सांगणार होत्या. अजून बरंच शिल्लक आहे, म्हणाल्या, पण आता तुला कळलंच आहे तर आजच घेऊन जातेस का?

बेबी म्हणाली, नको, राहू दे. थोडं थोडंच द्या.

सेक्रेटरींकडेही आई गेली होती. तिने त्यांना सांगितलं की माझी मुलगी दार लिफ्टमध्ये घालील, तिला अडवा. सेक्रेटरी नियमाचे माणूस. एका व्यक्तीसाठी वेगळी सूचना देता येत नाही म्हणून त्यांनी फळ्यावर सर्वांसाठीच लावली. 'रहिवाशांनी दारे लिफ्टमधून नेऊ नयेत.' ती सूचना जानेवारीपासून तिथे होती. रोज येता-जाता बेबी ती वाचत होती. तिने तिच्यातला अनुस्वारसुद्धा पेन्सिलीने दुरुस्त केला होता.

त्या संध्याकाळी ती बाबांसमोर बसली. बाबांनी काही लपवलं नाही. त्यांचं म्हणणं, मला कुणी विचारलं नाही. संकल्प दिले-घेतले त्या रात्री आईने त्यांच्याकडून निवाडा मागितला होता. बेबीला सल्ला द्यायचा नाही, पण बेबीबद्दल दुसऱ्याला द्यायला हरकत आहे का? बाबांनी विचार करून निकाल दिला की संकल्पाच्या शब्दांत तशी मनाई दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून आई रोज दुपारी बाहेर पडू लागली.

बेबीच्या छातीवर जो दगड होता तो जरा हलला. आई गप्प बसली नव्हती. बसणारच नव्हती, हे खरं तर तिला माहीत असायला हवं होतं. पण दगड पुरता निघेना. पोरीने तोंड मिटायला लावलं म्हणून म्हातारी बाई थंडीत दारोदार फिरली, हे एका बाजूने बघितलं तर गमतीचं होतं आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर फार वाईट होतं. कुठल्या बाजूने बघायचं ते आईलाच ठाऊक. काकूंना तिने विचारलं होतं, आई कशी वाटली. काकूंनी सांगितलं की त्या दिवशी नेमकी त्यांची पाठ धरली होती, त्यामुळे मान वर करता आली नाही. बाबांना तिने विचारलं, तिला लागलं होतं का हो माझं बोलणं? बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, तुझी आई दुसऱ्यांना सगळं सांगायची, स्वतःचं कधी सांगायची नाही. आणि माझीही विचारायची पद्धत नव्हती.

दाराची बिजागरी बदलून झाली. दार लागलं. वरून-खालून तासल्यामुळे दोन्हीकडे फटी राहिल्या, पण लागलं. आता राहिला कामाचा संकल्प.

साहेब म्हणजे उंच, भिडस्त गृहस्थ. त्यांना वाद नको असे, मोठा आवाज नको असे, आणि दार उघडून कुणी आत आलं की ते चष्मा पुसायला घेत, म्हणजे येणारा माणूस धूसर दिसावा. बेबी त्यांच्याकडे ते वाक्य घेऊन पूर्वी कितीदा तरी गेली होती. दारात पोचेपर्यंत वाक्य शाबूत असे. साहेब म्हणत, बोला. बेबी म्हणे, काही नाही सर, सहज आले होते. आणि एखाद्या पुस्तकाचा गठ्ठा अंगावर घेऊन परत येई.

त्या दिवशीही तसंच झालं. साहेब म्हणाले, बोला. बेबीने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "काही नाही सर, सहज." ती वळली. हात दाराच्या मुठीवर पोचला.

"बसा," साहेब म्हणाले.

साहेबांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. ती बसली. साहेबांनी चष्मा पुसला नाही. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, हातांची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसले. खालून छपाईच्या यंत्रांचा आवाज येत होता. काही वेळाने बेबीनेच विचारलं, सर, काही काम होतं का?

साहेब अवघडले. म्हणाले, मला हे बोलायला नको वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या आईंचा फोन आला होता. म्हणाल्या, माझी मुलगी तुमच्याकडे येईल, आणि काही नाही म्हणेल. तिच्या पहिल्या 'काही नाही'ला तिला सोडू नका. खुर्ची द्या आणि गप्प बसा. मी विचारलं, किती वेळ? तर म्हणाल्या, प्रवासी गाडीत चढेपर्यंत.

पुढे ती बातमी कळली, साहेब म्हणाले, आणि तुम्ही माझ्याकडे येणंच सोडलंत. मलाही कसं काढावं कळेना.

बेबीने टेबलाची कड धरली. "आणखी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मुलीने मला सल्ला द्यायची बंदी घातलीय. म्हणून तुम्हाला देतेय."

"कसं म्हणाली? म्हणजे... आवाज कसा होता तिचा?"

साहेब शब्द शोधू लागले. पाठ्यपुस्तकात आयुष्य गेलेला माणूस. नेमका शब्द सापडल्याशिवाय ते बोलत नसत. बेबीला तो वेळ फार मोठा वाटला.

"हसत होत्या," साहेब म्हणाले. "सांगता सांगता इतकं हसू आलं त्यांना, की फोन बाजूला ठेवून पाणी पिऊन आल्या. म्हणाल्या, साहेब, खिडकीत इतकी वर्षं काढली पण अशी मजा आली नव्हती. रोज दुपारी कुणाकडे जायचं ते सकाळीच ठरवते. मुलगी समोर आली की तोंड मिटून बसावं लागतं, नाहीतर तिच्यासमोरच हसू फुटेल."

बेबीने टेबल सोडलं. इतके महिने आपण खांदे कानांपर्यंत चढवून बसलो होतो हे तिला ते खाली उतरल्यावर कळलं. ती हसली, मग तिला हुंदका आला, मग पुन्हा हसली. दोन्हींचा आवाज साधारण सारखाच आला. साहेबांनी सवयीने चष्मा काढला, पण पुसला नाही, पुन्हा घातला.

"सर," बेबी म्हणाली, "विभागप्रमुखाची खुर्ची मला हवी आहे."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, मग इतके दिवस बोलला का नाहीत? मला वाटत होतं तुम्हाला ते स्टूलच आवडतं. शिफारस ते आजच करतील. अर्ज मात्र द्यावा लागेल. आस्थापनेतले लोक तो हरवतील, मग दुसरा द्यावा लागेल, आणि दुसरा दिल्यावर त्यांना पहिला सापडेल. पण होईल. नक्की होईल. बेबीने आभार मानले. साहेबांनी घड्याळ उचलून मनगटावर बांधायला घेतलं.

"आणखी काही?"

"काही नाही सर," असं म्हणून बेबी उठली.

साहेबांचा हात घड्याळाच्या पट्ट्यावर थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर पेच दिसत होता. तुमच्या आई पहिल्या 'काही नाही'चं बोलल्या होत्या, ते म्हणाले. दुसऱ्याचं काय करायचं ते सांगायचं राहिलं, आणि आता विचारायचं कुणाला? मग, चूक आपल्या बाजूने नको म्हणून, त्यांनी घड्याळ पुन्हा टेबलावर ठेवलं, खुर्चीकडे हात केला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

बेबी बसली. खालचं यंत्र थांबलं. कुणीतरी कागदांचा गठ्ठा सारखा करत होतं, त्याच्या थापा ऐकू येत होत्या. साहेब हलले नाहीत. त्यांना काही घाई दिसत नव्हती.

"सर," बेबी म्हणाली, "मला आईची फार आठवण येते."